शब्दचर्चा : कंपायलरचे ‘टार्गेट’

प्रश्न : हॅक्स या प्रोग्रॅमिंग भाषेच्या माहितीपुस्तिकेच्या मराठी अनुवादात ‘सपोर्टेड टार्गेट्स’साठी ‘समर्थित लक्ष्ये’ लिहावे, की सरळ ‘प्लॅटफॉर्म’ म्हणावे?

उत्तर : ‘प्लॅटफॉर्म’ टाळावे. कंपायलर म्हणजे लिहिलेल्या कोडचे रूपांतर करणारा प्रोग्रॅम; तो कोड ज्या रूपात बदलून देतो ते त्याचे टार्गेट, आणि तयार झालेला प्रोग्रॅम जिथे चालतो तो प्लॅटफॉर्म. हॅशलिंक (हॅक्ससाठीचे आभासी यंत्र) हे एकच टार्गेट आहे, पण त्यासाठी तयार झालेला बाइटकोड (आभासी यंत्राला कळणारा सांकेतिक कोड) विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्हींवर चालतो. उलट लिनक्सच्या एकाच संगणकासाठी सी++, पायथन, पीएचपी किंवा लुआ यांपैकी हवे ते टार्गेट निवडता येते. अर्थात, टार्गेटलाच प्लॅटफॉर्म म्हणण्याच्या या गोंधळाचा दोष सर्वस्वी आपला नाही. ‘इंट’ (पूर्णांक) प्रकारच्या चलाला ‘नल’ (काहीच नाही) ही किंमत दिली, तर जावास्क्रिप्टसाठी तो कोड विनातक्रार कंपाइल होतो. सी++ निवडताच मात्र स्टॅटिक (चलांचे प्रकार काटेकोर पाळणाऱ्या) ‘प्लॅटफॉर्म’वर असे चालत नाही, असा संदेश कंपायलर स्वतःच देतो, आणि तिथे त्याला अभिप्रेत असते ते टार्गेटच.

‘लक्ष्यभाषा’ हा शब्द आकर्षक असला तरी अपुरा आहे, कारण पायथन किंवा पीएचपी निवडल्यास त्या भाषेतला वाचता येण्याजोगा कोड मिळतो, पण निको किंवा जेव्हीएम (जावाचे) या आभासी यंत्रांसाठी थेट बाइटकोड तयार होतो आणि त्याला भाषा म्हणणे ओढूनताणून होईल. रस्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत तर टार्गेटच्या नावातच प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम गुंफलेली असते. या सगळ्यांना सामावून घेणारा शब्द म्हणून ‘लक्ष्य’ मला मान्य आहे.

‘समर्थित’ मात्र नको. समर्थन मताचे होते, उमेदवाराचे होते. इथे सांगायचे आहे ते एवढेच, की अमुक लक्ष्यासाठी कंपाइल करता येते. तयार झालेली फाइल पुढे कुठे चालेल, हा प्रश्न निराळा. अडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅशच्या फाइली चालवणारा फ्लॅश प्लेअर बंद केला, तरी हॅक्स ४ चा कंपायलर फ्लॅशची फाइल तयार करून देतच होता. म्हणून ‘हॅक्समधील प्रोग्रॅम पुढील लक्ष्यांसाठी कंपाइल करता येतो’ असे सरळ वाक्य करावे.

आणखी एक मत : ‘लक्ष्य’ ठेवल्यास मुद्रितशोधन काटेकोर हवे. ‘य’ गळून ‘पुढील लक्षांसाठी’ छापले गेले, तर वाचक लाखांचा हिशेब शोधू लागेल. पहिल्या उल्लेखात ‘लक्ष्य (टार्गेट)’ असे दोन्ही द्यावे आणि कंपायलरला आज्ञा देताना लिहायच्या पर्यायांची नावे अनुवादित करू नयेत.