अनुभव धागा : वर्ग ऑनलाइन गेला तेव्हा (माळ्यावरच्या लग्नपत्रिका)

रामबागेतली मास्तरीण
काल माळा काढला. खोक्यात लग्नपत्रिकांचे कापलेले चौकोन निघाले, रबरबँड लावलेले, रबर पार वितळून चिकटलेलं. नवरा म्हणाला टाक. सगळ्यात वरच्यावर माझ्याच अक्षरात 'गिऱ्हाईक', आणि खाली 'प्लेट मागतं, पैसे देतं, वरून शेव मागतं'. टाकवेना.

तेव्हा मी इंदूरला सॉफ्टवेअर डिझाइन शिकवत होते. २२ मार्च २०२०, रविवार, जनता कर्फ्यू. संध्याकाळी राजवाड्यावर थाळ्या वाजवत गर्दी उसळली होती, आठवतं ना? त्यानंतर दार बंद झालं ते झालंच. सेमिस्टर अर्धं उरलेलं, आणि उरलं काय तर डिझाइन पॅटर्न, प्रोग्राम रचताना पुन्हापुन्हा येणाऱ्या अडचणींची ठरलेली उत्तरं. म्हणजे सगळं फळ्यावरचं काम. बाण काढायचा, पुसायचा, उलटा काढायचा, मागे वळून चेहरे बघायचे. कोणाच्या डोक्यावरून गेलं ते चेहऱ्यावरच कळतं. डेव्हिड पार्नास या संगणकतज्ज्ञाने १९७२ मध्येच सांगून ठेवलंय की जे बदलू शकतं ते एका मॉड्यूलच्या (प्रोग्रामच्या सुट्या भागाच्या) आड लपवा. दरवर्षी घसा कोरडा करून हे शिकवायचे, आणि माझं स्वतःचं शिकवणं मात्र खडू-फळ्याला शिवलेलं निघालं.

माउसने क्लास डायग्राम काढून बघितला (क्लास म्हणजे प्रोग्राममधल्या एका प्रकारच्या वस्तूचा साचा, एक चौकोन एक क्लास). वीस मिनिटांत तीन चौकोन. तेवढ्यात व्हिडिओ कॉलचं फुकटातलं खातं ४० मिनिटं झाली म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचं. शेवटी स्वयंपाकघर गाठलं. स्टीलचे दोन डबे, साखरेचा आणि तूरडाळीचा (उंची सारखी लागते, पोह्यांचा बुटका निघाला). त्यांवर दोन फुटपट्ट्या आडव्या, मधे बोटभर फट, फटीवर फोन, कॅमेरा खाली. कॅमेऱ्याखाली कागद. हाताची सावली नेमकी बाणाच्या टोकावर पडायची, म्हणून खिडकी डाव्या हाताला येईल असं टेबल फिरवलं.

मग सीआरसी (क्लास, रिस्पॉन्सिबिलिटी, कोलॅबोरेटर) कार्डं. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरांची १९८९ ची युक्ती. एका कार्डावर एक क्लास, डावीकडे त्याची कामं, उजवीकडे त्याला लागणारे सोबती. कर्फ्यूत कार्डं कुठली, तर पत्रिकांच्या कोऱ्या बाजू. मुलांनी औषधांची खोकी कापली, एकीने साडीच्या खोक्याचं झाकण.

डेकोरेटर पॅटर्न, म्हणजे मूळ वस्तू न बदलता तिला वरून गुंडाळून भर घालायची, तो शिकवला पोह्यांच्या प्लेटवर. शेव घातली तरी प्लेट प्लेटच राहते, भाव तेवढा वाढतो. शेव, कांदा, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), बुंदी, लिंबू. या पाचांच्या प्रत्येक जोडणीला वेगळा क्लास करायचा म्हटलं तर ३२ क्लास. मागून एक आवाज, "मॅडम, इथे पोहे मिळून नाही राहिले आणि तुम्ही भूक लावून राहिल्या!"

तुमचंही लिहा. शिकवणारे, शिकणारे, घरात बसून नुसते ऐकणारे, कोणीही.

गच्चीवाला
मी शिकणाऱ्यांतला. गाव खरगोनकडे. रेंज फक्त गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीला टेकून बसलं तर. रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपे म्हणून व्हिडिओ बंदच. मे महिन्याचं ऊन, फोन तापून बंद पडला की खाली येऊन माठाशेजारी ठेवायचा. डायग्रामचा फोटो रात्री व्हॉट्सअॅपवर येई. त्यामुळे आजही सिंगलटन (ज्या क्लासची एकच वस्तू बनते तो पॅटर्न) म्हटलं की मला चित्र दिसत नाही, सरांच्या घरचा कुकर ऐकू येतो. तीन शिट्ट्या.

लष्करवाले
ग्वाल्हेरहून. आमच्याकडे निम्म्याहून जास्त प्रोजेक्ट 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम'. त्याचं काही नाही, दरवर्षीचं आहे. पण या वेळी 'लायब्रेरियन'चं स्पेलिंगसुद्धा सगळ्यांचं एकाच जागी चुकलेलं. व्हायव्हात एकाला विचारलं, पुस्तक हरवलं तर कोणत्या क्लासने बघायचं? शांतता. पंख्याचा आवाज. मग मागून त्याची आई, "अरे दंड! दंड सांग!" खरं सांगतो, तिच्या उत्तरात दम होता. फाइन नावाचा क्लास त्या पोराच्या डायग्राममध्ये नव्हताच.

दांडिया बाजार
आईला मार्क द्या हो!! मी पण तशीच आई, बडोद्याची. लेकाचा वर्ग आणि माझी भाजी एकाच टेबलावर. 'कपलिंग कमी, कोहिजन जास्त', म्हणजे भाग एकमेकांत कमी अडकलेले आणि प्रत्येकाचं आतलं काम एकजिनसी, एवढं पाठ झालं. दोन दिवसांनी सासूबाईंना म्हटलं, आई, आपल्या दोन्ही कुटुंबांचं कपलिंग फार झालंय, फ्रिज तरी वेगळे करू. त्यांना वाटलं लेकाच्या लग्नाचं बोलतेय.
बाकी पोहे तुमचे असतील पण सेव उसळीत तरी (तिखट रस्सा) वेगळी मागतात, तोही डेकोरेटर का?

रामबागेतली मास्तरीण
@दांडिया बाजार, अगदी तोच. आणि तरीवर तरी मागितली तर दोनदा गुंडाळायचं.
ऑब्झर्व्हर पॅटर्नसाठी (एकाकडे काही घडलं की बाकीच्यांना कळतं) मी कचरागाडी घेतली होती. गाडी गाणं लावून येते, कोण बाहेर येईल ते तिला ठाऊक नाही, ज्याला गरज तो डबे घेऊन धावतो. मजा अशी की ते गाणं आधी माझ्या खिडकीतून वाजायचं आणि तासाच्या शेवटी सुदामा नगरच्या कोणाच्या तरी माइकमधून. हजेरी आपोआप. त्या मुलाने 'प्रेझेंट मॅडम' कधी म्हटलंच नाही.

अर्धविराम
दुरुस्ती करतो, राग मानू नका. ऑब्झर्व्हरमध्ये सब्जेक्टकडे (ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याकडे) नोंदणी केलेल्यांची यादी असते, तो एकेकाला स्वतः कळवतो. तुमच्या गाडीकडे यादीच नाही, तो नुसता पुकारा झाला. दूधवाल्याची वही घ्या. वहीत नाव असलेल्याच दारी थांबतो, सुट्टी सांगितली की नाव कापतो.

रामबागेतली मास्तरीण
मान्य. दूधवाल्याची वही. दोन बॅचना चुकीचं शिकवलं म्हणायचं मी.

गच्चीवाला
मॅडम आम्ही पुकाऱ्यावरच पास झालो, चिंता नको 😄

चहा_कमी_साखर
जिरावन घरी करतं का कोणी? विकतच्यात मीठच मीठ.

खंडवा रोड
मी २०२१ चं लिहितो. एप्रिल. हजेरी नंबराने घ्यायचो. एक नंबर तीन दिवस बोलेना, गैरहजर लावत गेलो. चौथ्या दिवशी मेसेज, सर, सिलिंडरच्या रांगेत होतो, असाइनमेंट आज दिली तर चालेल का. सीक्वेन्स डायग्राम होता, कोण कोणाला कोणत्या क्रमाने निरोप देतं त्याचं चित्र. वहीच्या पानावर, बाण फुटपट्टीने मारलेले, परतीचे बाण तुटक रेषेत, एकही चुकलेला नाही. वडील वाचले नाहीत त्याचे. मी रजिस्टरमधले ते तीन 'ए' खोडून 'पी' केले. कोणाला विचारलं नाही.

लष्करवाले
बरं केलंत.

दांडिया बाजार
भाऊ, काय बोलायचं. त्या मुलाचं पुढे कळलं का काही?

खंडवा रोड
नोकरीत आहे, पुण्याला. दिवाळीला फोन करतो. त्या विषयावर तो बोलत नाही, मीही नाही.

माळवी_खवय्या
@चहा_कमी_साखर धणे, जिरं, बडीशेप, लवंग, सुकी लाल मिरची भाजून कुटायचं. मग हळद, सुंठ, हिंग, आमचूर, काळं मीठ. साधं मीठ शेवटी, चाखून. बडीशेप जास्त झाली की मुखवास होतो, सांभाळून.

चहा_कमी_साखर
धन्यवाद भिया. धाग्याचा विषय मी आत्ता वर जाऊन वाचला, माफ करा. आमच्या हिला तो डब्यांचा स्टँड हवाय, शिवणाचे व्हिडिओ करते. फोटो टाका ना.

रामबागेतली मास्तरीण
साखरेचा डबा नणंद घेऊन गेली. तूरडाळीचा आहे, पण त्यात आता तूरडाळ आहे. फुटपट्ट्या सापडल्या तर टाकते.