सल्ले चालतात, मग 'ॲडव्हायसेस' का नाही?

प्रश्न:
'इन्फर्मेशन्स' चूक हे कळतं, पण ऑफिसच्या मेलमध्ये 'ॲडव्हायसेस', 'एव्हिडन्सेस', 'इक्विपमेंट्स' सर्रास दिसतात. मराठीत सल्ले, पुरावे, उपकरणं म्हणतोच ना? शिवाय 'न्यूज इज' की 'आर'? 'पोलीस हॅज' की 'हॅव'? घोकंपट्टीशिवाय काही युक्ती?

प्रतिसाद १:
गोम तुमच्या प्रश्नातच आहे. 'माहित्या' मराठीतही कोणी म्हणत नाही, म्हणून इन्फर्मेशनला कान साथ देतो. लगेजचंही तेच, कारण 'सामान'. सल्ले-पुरावे मात्र मराठीत मोजतात, इंग्रजीत नाही. मोजायचेच तर 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस', 'थ्री पीसेस ऑफ इक्विपमेंट'. अशा नामाआधी 'ॲन' किंवा 'मेनी'सुद्धा नको, 'सम' लावा.
न्यूजमधला एस फसवा आहे, कायम 'न्यूज इज'. पोलीसचं उलट: एस नाही, तरी 'द पोलीस हॅव'. एकच पोलीस आला असेल तर 'अ पोलीस ऑफिसर'.

प्रतिसाद २:
कात्री राहिली. मराठीत ती एक, इंग्रजीत दोन पाती, म्हणून 'द सिझर्स आर'. चष्मा आणि पँटही तशीच. 'अ पेअर ऑफ सिझर्स' म्हटलंत की क्रियापद पेअरचं, म्हणजे 'इज'.
सगळ्यात जास्त चुका मात्र षष्ठीमुळे होतात. 'शंभर रुपयांची नोट' डोक्यात असते आणि हातून 'हंड्रेड रुपीज नोट' उतरतं. नामाआधी विशेषणासारखं आलेलं माप एकवचनीच: 'हंड्रेड-रुपी नोट', 'फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल'. पण 'शी इज फाइव्ह इयर्स ओल्ड', कारण इथे पुढे नाम नाही.
'माझा एक मित्र'चं 'वन ऑफ माय फ्रेंड' होतं, तेही चूक. 'मित्रांपैकी एक' अशी फोड करा: 'वन ऑफ माय फ्रेंड्स', आणि क्रियापद त्या एकाचं, 'लिव्ह्ज'.

प्रतिसाद ३:
निकष एकच असेल तर 'क्रायटेरियन'. 'क्रायटेरिया' हे अनेकवचन. डेटाही मुळात अनेकवचनी, शोधनिबंधांत 'डेटा आर' दिसतं. एरवी 'डेटा इज' बिनदिक्कत लिहा, फक्त एकाच लेखात दोन्ही नकोत.
भाडेकरारात जपून: 'डॅमेज' म्हणजे मोडतोड, 'डॅमेजेस' म्हणजे कायद्याने मिळणारी नुकसानभरपाई. भिंतीला 'डॅमेजेस' होत नाहीत.

प्रश्नकर्ता:
आणि केस? 'हेअर्स'?

प्रतिसाद १:
डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर इज'. आमटीत दोन सापडले तर 'टू हेअर्स'.