मदत हवी आहे: घाटात गाडीच्या स्क्रीनचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. माझी खेड-चिपळूण रोजची ये-जा. नव्या गाडीत एसी, पंखा, काचेवरची वाफ घालवायचं बटण, सगळं टचस्क्रीनमध्येच. परवा परशुराम घाटात पाऊस कोसळत होता, काच आतून पांढरी झाली. मी स्क्रीनवर बोट मारत राहिलो आणि समोर ट्रकचे लाल दिवे! शेजारी आई ओरडली, "अरे, पुढे बघ!" म्हणून वाचलो. अजून छातीत धडधडतं. ताशी ६० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते हो. जुन्या गाडीतला खटका न बघता, चाचपून सापडायचा.

स्टिअरिंगवरच्या बटणाला हे काम जोडून घेता येतं का? कुणी केलंय? नेटवर्क नसताना आवाजाने एसी चालतो का? कृपया अनुभव सांगा, पावसाळा अजून बराच बाकी आहे.