मॉरिशस : समाज मोजून राष्ट्र घडतं का?

टेकडीवरचा
मॉरिशसचं आपल्याकडे भारी कौतुक. गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी, कोकणातून गेलेल्यांची मराठी मंडळं, वगैरे. पण माझ्या मते १२ मार्च १९६८ ला तिथे देश स्वतंत्र झाला, राष्ट्र व्हायचं अजून बाकी आहे. कारण ती 'बेस्ट लूझर' पद्धत. ६२ खासदार निवडून येतात. शिवाय ज्या समाजाला जागा कमी पडल्या, त्यातल्या पडलेल्या उमेदवारांना आठपर्यंत जागा वाटतात. समाज चारच: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. हा शेवटचा कप्पा बघा. गुलामांचे वंशज क्रिओल आणि ज्यांच्या पूर्वजांच्या उसाच्या मळ्यांत ते राबले ते फ्रेंच वंशाचे मळेवाले, एकाच खान्यात! आणि हिशेब कुठल्या आकड्यांवर? १९७२ च्या जनगणनेच्या. पुढच्या जनगणनांत समाज विचारणंच बंद झालं.

खारा वारा
साफ असहमत. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या गेतां द्युव्हाल यांच्या पक्षाला पडली होती. भीती एकच, इंग्रज गेले की बहुसंख्य हिंदूंचं राज्य. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईत क्रिओल-मुस्लिम दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य आणावं लागलं. दोन महिन्यांवर स्वातंत्र्य! अशा वेळी 'आपण सारे एक' असं भाषण ठोकून कोण ऐकणार होतं? हमी लागते, आणि ती कागदावर लागते. आज हेच द्युव्हाल तिथल्या हजाराच्या नोटेवर आहेत, पहिले पंतप्रधान रामगुलाम दोन हजाराच्या. स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्याला नोटेवर बसवणारा दुसरा देश दाखवा.

टेकडीवरचा
नोटांचं काढलंतच म्हणून सांगतो. १९९८ च्या नव्या नोटांवर तमिळ मजकूर देवनागरीच्या खाली गेला. तमिळ समाजाने एवढा गदारोळ केला की नोटा मागे घेऊन नव्याने छापाव्या लागल्या. वर कोण, खाली कोण, यावरून नोट रद्द! हे तुमच्या हमीचंच फळ.

पाटावरची
दोघंही संसदेतच अडकलात. माणसं बोलतात काय ते बघा की. घरी, बाजारात, बसमध्ये क्रेओल भाषा. भोजपुरी, तमिळ, मराठी घराण्यांतली पोरंसुद्धा. ही भाषा शाळेत शिकवायला मात्र २०१२ उजाडलं. शिवाय हिंदी महासागरातली चागोस बेटं आहेतच. १९६५ मध्ये ब्रिटनने ती बेटं तोडून घेतली, २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मतात ती कृती बेकायदा ठरवली. या प्रश्नावर तिथे कुठल्याही समाजाचा माणूस एका सुरात बोलतो. ओळख तिथून येते.

खारा वारा
@पाटावरची, क्रेओलचं पटलं. पण चागोसवरून हाकललेली माणसं पोर्ट लुईच्या झोपड्यांत सडली तेव्हा हा एक सूर कुठे होता? बेटांवर हक्क सांगायला सगळे पुढे, बेटावरच्यांना कोण विचारतो. १९९९ मध्ये काया हा गायक पोलीस कोठडीत मेला आणि दंगली उसळल्या, तोही क्रिओलच. म्हणून म्हणतो, हमी काढली तर आधी मरतो तो खालचा.

टेकडीवरचा
पण क्रिओलांना त्या हमीने दिलं काय? 'जनरल पॉप्युलेशन'ची जागा मळेवाल्याच्या नातवालाही मिळू शकते. आणि अर्जावर समाज लिहिला नाही तर अर्ज बाद, म्हणून तिथलेच काही तरुण उमेदवार संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले आणि २०१२ मध्ये जिंकले.

खारा वारा
जिंकले, म्हणून २०१४ च्या निवडणुकीपुरती समाज न लिहिण्याची मुभा मिळाली. पण न लिहिणाऱ्याला बेस्ट लूझरची जागा नव्हती. मग ही मुभा कसली?

टेकडीवरचा
निदान तेव्हा अर्ज तरी बाद झाले नाहीत ना!