‘क्रिस्टिन लाव्हरान्सदातर’ : दुसऱ्या खंडात वाचन मंदावले आहे

प्रश्न

सिग्रिड उंडसेट यांची ही त्रिखंडात्मक कादंबरी (१९२०–२२) मी इंग्रजी अनुवादातून वाचत आहे. चौदाव्या शतकातल्या नॉर्वेमधील एका जमीनदाराच्या मुलीचे, क्रिस्टिनचे, बालपण आणि तारुण्य सांगणाऱ्या पहिल्या खंडाने मला झपाटून टाकले. वडिलांनी ठरवलेल्या सिमोनला नाकारून ती एर्लेंडशी लग्न करते, तिथपर्यंत पुस्तक खाली ठेववत नव्हते. दुसऱ्या खंडात मात्र हुसाबी या एर्लेंडच्या वाडीवरचा संसार, पाठोपाठची बाळंतपणे, नातलगांचा गोतावळा आणि राजदरबारातल्या हालचाली यांत मी अडखळते आहे. राजकारणाची पाने चाळून पुढे गेले तर चालेल का, की आधी त्या काळाचा इतिहास वाचावा? शेवट कृपया कोणी सांगू नये.

प्रतिसाद १

ती पाने चाळू नका, कारण एर्लेंड त्या राजकारणात कसा ओढला जातो यावर क्रिस्टिनचे आणि तिच्या मुलांचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून आहे. वेगळा इतिहास वाचण्याची मात्र गरज नाही. १३१९ मध्ये माग्नुस हा तीन वर्षांचा मुलगा नॉर्वे आणि स्वीडन या दोन्ही देशांचा राजा झाला, आणि पुढे त्याचे लक्ष स्वीडनकडेच अधिक आहे अशी नाराजी नॉर्वेच्या सरदारांत वाढत गेली, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते. नावांचा गोंधळ होत असेल तर वडिलांच्या नावाकडे पाहावे; कोण कोणाचे मूल हे त्यावरून कळते.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, तरी मला या खंडाचे मर्म राजकारणापेक्षा घरातच सापडले. एर्लेंडच्या निष्काळजीपणामुळे विस्कटलेले हुसाबी क्रिस्टिन सावरते. गुरे, शेती, नोकरचाकर, सारे तिच्या शिस्तीत येते, पण लग्नाआधीच दिवस गेलेले असताना कौमार्याची खूण असलेला वधूचा मुकुट घातल्याची टोचणी तिला सोडत नाही. पहिल्या मुलाला घेऊन ती निदारोसला, म्हणजे आजच्या ट्रॉनहाइमला, संत ओलाव्ह यांच्या समाधीपाशी अनवाणी जाते, ते प्रकरण तर अतिशय सावकाश वाचण्यासारखे आहे. पापक्षालन झाल्यावरही एर्लेंडवरचा तिचा राग मात्र शमत नाही, आणि लेखिका हा राग कुठेही सौम्य करून दाखवत नाही, याचे मला फार मोल वाटते.

माझी एक सूचना आहे. पहिल्या खंडाच्या शेवटी, मुलीच्या लग्नाच्या रात्री, क्रिस्टिनचे वडील लाव्हरान्स आणि आई राग्नफ्रिड यांच्यात जे बोलणे होते ते पुन्हा वाचावे. इतकी वर्षे शेजारी राहिलेल्या त्या दोघांनी एकमेकांपासून काय काय दडवले होते हे तिथे उघड होते, आणि क्रिस्टिनचा संसार त्या पार्श्वभूमीवर पाहिला की कंटाळवाण्या वाटलेल्या प्रसंगांतही पुष्कळ काही घडताना दिसते.

प्रतिसाद ३

आपल्याकडे कोणता अनुवाद आहे? १९२० च्या दशकातल्या अनुवादाची इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाची केलेली आहे आणि त्यात मूळ मजकूर काही ठिकाणी गाळलेला आहे. टीना नन्नली यांचा नंतरचा अनुवाद साध्या भाषेत असून संपूर्ण आहे. जुना अनुवाद वाचत असाल तर दुसऱ्या खंडापासूनच बदल करावा.

प्रश्नकर्ती

माझ्याकडे जुनाच अनुवाद आहे. नन्नली यांची प्रत मिळवते, आणि तोवर लग्नाच्या रात्रीचे ते प्रकरण पुन्हा वाचते. मनःपूर्वक आभार.