व्हीए लोनवर घर घेताना इन्स्पेक्शनची अट सोडावी का?

नॉरफोकवासी
नवरा २० वर्षं नेव्हीत होता, आता निवृत्त झालाय. व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्येच घर घ्यायचं ठरलंय, व्हीए लोनवर (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या, म्हणजे व्हीएच्या, हमीचं गृहकर्ज), डाउन पेमेंट न भरता. पसंत पडलेलं घर १९५४ सालचं, खाली क्रॉल स्पेस, म्हणजे सरपटत जाण्याइतकी बुटकी पोकळी. आधीच तीन ऑफर आल्यात. एजंट म्हणतो, इन्स्पेक्शनची अट (तपासणीत दोष निघाले तर सौदा सोडता येईल, ही) काढून टाका, व्हीएचा अप्रेझर, म्हणजे घराचं मूल्य ठरवणारा, येणारच आहे, तो सगळं बघेल.

मला हे पटत नाही. अप्रेझल म्हणजे इन्स्पेक्शन नव्हे, असं व्हीए स्वतःच खरेदीदारांना बजावून सांगतं. नवऱ्याला मात्र भीती वाटते की अट ठेवली तर घर हातचं जाईल. त्याचंही खोटं नाही. तुम्ही काय केलंत?

सॅन अँटोनियोचा दादा
ताई, मी नवऱ्याच्या बाजूने. मी आर्मीत होतो. २०२१ मध्ये अट ठेवून चार घरं गमावली, पाचव्या वेळी ती सोडली तेव्हा कुठे घर मिळालं. व्हीए म्हटलं की विकणारे आधीच कुरकुरतात. त्यात आणखी एक अट कशाला?

आणि व्हीएचे किमान निकष काही नावापुरते नाहीत. छप्पर, हीटिंग, पाणी, उघड्या वायरी सगळं बघतात. १९७८ च्या आधीच्या घरात रंगाचे पोपडे निघालेले दिसले तरी शिशाच्या भीतीने ते दुरुस्त करायला लावतात. गळतं छप्पर अहवालात आलं की दुरुस्तीशिवाय कर्ज पुढे सरकत नाही. तुमच्या व्हर्जिनियात वाळवीची तपासणीही लागतेच.

रिचमंडची मावशी
दादा, हे सगळं आमच्याही घरात झालं होतं. अप्रेझल एकदम स्वच्छ आलं. नळ सुरू, फ्लश चालू, कागदावर सगळं ठीक. राहायला गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तळघरात मैलापाणी तुंबलं. अंगणातल्या जुन्या मातीच्या पाइपात झाडाची मुळं शिरली होती. ९,००० डॉलर गेले, तेही डाउन पेमेंट वाचलं म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशांतून. गटाराच्या लाइनीत कॅमेरा घालणं हे अप्रेझरचं कामच नाही. त्याला दोष देत नाही, आम्ही त्याच्यावर विसंबलो हे चुकलं.

शिवाय व्हर्जिनियात विकणाऱ्यावर घराची अवस्था सांगण्याचं बंधन फारच थोडं आहे. कायदा खरेदीदारालाच म्हणतो, तू बघून घे. अशा राज्यात, ७० वर्षांचं घर, न तपासता? नको गं बाई.

सॅन अँटोनियोचा दादा
मावशी, तुमचं नुकसान ऐकून वाईट वाटलं. पण घरच मिळालं नाही तर तपासायचं काय? भाडं चालूच राहतं. आणि व्हीएच्या करारात सुटकेचं कलम असतंच ना, इसार बुडत नाही.

कर्जाच्या कामातली एक
दादा, इथे तुमची गल्लत होतेय आणि ती महागात पडू शकते. ते कलम फक्त किमतीपुरतं आहे. करारातली किंमत व्हीएने ठरवलेल्या मूल्यापेक्षा जास्त असेल तर इसार न गमावता बाहेर पडता येतं. मूल्य बरोबर आलं आणि नंतर पायाला तडा दिसला, तर ते कलम उपयोगी नाही. तिथे इन्स्पेक्शनची अटच वाचवते.

अप्रेझरचे पैसे आपण देतो, पण त्याला नेमतं व्हीए, पाळीपाळीने. त्याचं मुख्य काम घराचं मूल्य ठरवणं. मूल्य कमी पडतंय असं दिसलं तर तो आधी कळवतो आणि आसपासच्या विक्रीचे दाखले द्यायला दोन कामाचे दिवस मिळतात. याला टाइडवॉटर म्हणतात, नाव तुमच्याच भागावरून पडलंय. ही सगळी धडपड किमतीची. क्रॉल स्पेसमध्ये तो डोकावतो. आपला इन्स्पेक्टर शक्य असेल तर आत सरपटत जातो.

ताई, अट पूर्ण सोडण्यापेक्षा मुदत लहान करा. दहाऐवजी चार दिवस. किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही, फक्त घ्यायचं की सोडायचं तेवढं ठरवू, असं ऑफरमध्ये लिहा. विकणाऱ्याला डोकेदुखी नको असते, ती अशाने कमी होते.

सॅन अँटोनियोचा दादा
कलमाचं माझं चुकलं, मान्य. पण तीन ऑफर असताना चार दिवसही जास्त वाटतात, हे मत कायम आहे.

नॉरफोकवासी
नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. मावशींच्या पाइपावर तो गप्प झाला. चार दिवसांची अट ठेवून आज रात्री ऑफर देतोय, इन्स्पेक्टरला गुरुवार धरून ठेवायला सांगितलंय, गटाराच्या कॅमेऱ्यासकट.