परसातली खोली आणि कौन्सिलची नोटीस: अपील करावं की मुकाट पाडावं?

टेम्सकाठी
लंडनमध्ये ओळखीतल्या एका जोडप्याने मागच्या अंगणात कुंपणाला लागून खोली बांधली. आईवडील उन्हाळ्यात भारतातून येतात, त्यांच्यासाठी. उंची पावणेतीन मीटर. कुंपणापासून दोन मीटरच्या आत अडीच मीटरपेक्षा उंच बांधायचं तर परवानगी लागते, ती घेतली नव्हती. आता कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, एन्फोर्समेंट नोटीस आली आहे: खोली पाडा, राडारोडा उचला. व्हॉट्सअॅपवर सगळे म्हणतायत, "कौन्सिलशी कशाला वाकडं घ्या, पाडून मोकळे व्हा."

माझं मत उलट आहे. अपील करावंच. निकाल कौन्सिल देत नाही, प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट ही सरकारी यंत्रणा देते. आणि १९९० च्या नगररचना कायद्यात अपिलाचे 'ए' ते 'जी' असे सात आधार आहेत. 'एफ' म्हणजे सांगितलेला उपाय गरजेपेक्षा जास्त आहे. पंचवीस सेंटिमीटर छप्पर उतरवून भागत असेल तर अख्खी खोली का पाडायची?

खडूस_शेजारी
कारण प्रश्न फक्त छपराचा नाही. तिथे माणसं झोपणार असतील तर विनापरवानगीची सूट उंची बसली तरी मिळत नाही. ती सूट शेड, जिम, अभ्यासाची खोली असल्या गोष्टींसाठी आहे. हे अंगण असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, फक्त बांधताना आठवत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. अपील दाखल झालं की निकालापर्यंत नोटीस गोठते. त्यात महिनोन् महिने जातात. वकील "टाकून तर बघू" म्हणतात ते त्यासाठीच.

कोथरूडकर
+१. आपल्याकडेही तेच. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस आली की बांधकाम कायम ठेवायचा अर्ज टाकायचा, तो निकाली निघेपर्यंत नोटीस निष्प्रभ. गुंठेवारीत तर कधीपर्यंतची बांधकामं नियमित करायची ती तारीख २००१ वरून थेट २०२० च्या अखेरीपर्यंत सरकवली. नियम पाळणारा तेवढा येडा.

टेम्सकाठी
कोथरूडकर, गुंठेवारीत सरसकट तारीख सरकली. इथे इन्स्पेक्टर एकेक प्रकरण तपासतो, त्यात कौन्सिलही हरते.

मीटरपट्टी
भांडा, पण आधी तारीख बघा. नोटीस बजावल्यापासून अंमलात यायला किमान २८ दिवस असतात. अपील त्या तारखेच्या आत पोचायला हवं. एक दिवस उशीर झाला तरी घेत नाहीत. 'ए', म्हणजे "आहे त्याला परवानगी द्या", यासाठी नेहमीच्या अर्जाच्या दुप्पट फी आहे आणि ती कौन्सिललाच जाते. 'डी' म्हणजे कारवाईची मुदत टळली. २५ एप्रिल २०२४ पूर्वी काम जवळपास पूर्ण झालं असेल तर चार वर्षं, नंतरच्याला दहा.

नोटीस दुर्लक्षून स्वस्थ बसणं हा पर्याय नाही. तो गुन्हा आहे, दंडाला कमाल मर्यादा नाही. शिवाय नोटीस जमिनीला चिकटते. घर विकताना घेणाऱ्याचा सॉलिसिटर ती शोधतोच.

खडूस_शेजारी
मुदतीवरून आठवलं. लंडनजवळच्या सरे परगण्यातल्या रॉबर्ट फिडलरने पेंढ्याच्या गठ्ठ्यांआड किल्ल्यासारखं घर बांधून चार वर्षं लपवलं, मग म्हणाला मुदत टळली. २०१६ मध्ये पाडावं लागलं.

टेम्सकाठी
आणि लपवाछपवी चालू नये म्हणून २०११ मध्ये कायदाही बदलला. मग फिडलरच्या पापाची शिक्षा उघडपणे बांधणाऱ्यांना कशाला? आमच्या माणसांनी काही झाकलेलं नाही. चूक असेल तेवढी कापा, एवढंच मागणं आहे.

खडूस_शेजारी
मागा की. पण अपिलाचा हक्क फक्त त्या जागेशी संबंध असलेल्याला आहे. कौन्सिलने नोटीस काढलीच नाही, तर शेजाऱ्याला अपील नाही. इन्स्पेक्टरने तुमची खोली कायम केली, तरी नाही. मी फार तर पत्र लिहायचं, नाहीतर पदरचे पैसे घालून हायकोर्टात जायचं. तुमचे सात आधार आहेत. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो, ते यातल्या कुठल्या अक्षरात बसवू?